ग्राहक आणि पुरवठादारांचा एजिंग रिपोर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वागळे इस्टेटमधले जॉबवर्कवाले, रबाळे-महापे पट्ट्यातले लहान कारखाने, तुर्भ्याच्या एपीएमसीतले व्यापारी आणि त्यांची पुस्तके लिहिणारे अकाउंटंट यांना एजिंग रिपोर्टबद्दल, म्हणजे येणी-देणी किती दिवस जुनी आहेत ते दाखवणाऱ्या रिपोर्टबद्दल, पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मेनूंची नावे मुख्यतः टॅलीप्राइम या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधली आहेत, कारण आपल्याकडे बहुतेक टेबलांवर तेच उघडे असते. झोहो बुक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठी खाली वेगळा प्रश्न आहे.

आउटस्टँडिंगची यादी दर आठवड्याला निघते. मग एजिंग वेगळे कशाला?

आउटस्टँडिंग सांगते की पार्टीकडून ४,१३,००० येणे आहे. त्यातले किती कालचे आणि किती गेल्या दिवाळीचे, हे एजिंग सांगते. वसुलीचा फोन कोणाला आधी करायचा, कोणाचा माल थांबवायचा आणि कोणत्या पुरवठादाराचा चेक आजच काढायचा, हे या दुसऱ्या माहितीवर ठरते.

टॅलीप्राइममध्ये सुरुवात कुठून करायची?

आधी एफ११ दाबून कंपनीच्या फीचर्समध्ये ‘एनेबल बिल-वाइज एंट्री’ला ‘येस’ करा. मग प्रत्येक ग्राहकाच्या आणि पुरवठादाराच्या लेजरमध्ये (खात्यात) जाऊन ‘मेंटेन बॅलन्सेस बिल-बाय-बिल’ला ‘येस’ द्या आणि ‘डीफॉल्ट क्रेडिट पीरियड’ भरा: ३० दिवस, ४५ दिवस, जे ठरले असेल ते. त्याच्याच खाली एंट्री करताना क्रेडिटचे दिवस तपासण्याचा पर्याय आहे, तोही चालू ठेवा.

क्रेडिटचे दिवस पर्चेस ऑर्डरवर लिहिलेले असतील तेच भरावेत. मालक म्हणतात ४५, ऑर्डरवर आहे ६० आणि पार्टी देते ९० दिवसांनी, असे असेल तर लेजरमध्ये ६० येतात. पार्टीची सवय लेजरमध्ये भरली की उशीर रिपोर्टमधून गायब होतो. आणखी एक: लेजरमध्ये दिवस नंतर बदलले तर आधी नोंदवलेल्या बिलांची देय तारीख आपोआप बदलत नाही. ती बिले उघडून दुरुस्त करावी लागतात.

रिपोर्ट बघण्यासाठी: गेटवे ऑफ टॅली, डिस्प्ले मोअर रिपोर्ट्स, स्टेटमेंट्स ऑफ अकाउंट्स, आउटस्टँडिंग्ज. तिथे रिसीव्हेबल्स, पेएबल्स, लेजर आणि ग्रुप असे पर्याय मिळतात. रिपोर्ट उघडल्यावर एफ६ने वयवार कप्पे (०–३० दिवस, ३१–६० दिवस असे गट) लागतात. रोजच्या वापराला ‘ग्रुप’मधून सन्ड्री डेटर्स (सगळे ग्राहक) निवडून काढलेला रिपोर्ट सर्वांत सोयीचा, कारण एका ओळीत एक पार्टी दिसते.

जुन्या सॉफ्टवेअरमधून किंवा वहीतून आलो. ओपनिंग बॅलन्स एकाच आकड्यात टाकला तर चालेल?

ताळेबंदाला चालेल, एजिंगला नाही. लेजरमध्ये ओपनिंग रक्कम टाकली की बिलवार तपशिलाची खिडकी उघडते. तिथे प्रत्येक थकीत बिल मूळ नंबर, मूळ तारीख आणि मूळ क्रेडिट दिवसांसह भरा. कंटाळा करून ‘ओपनिंग’ या एकाच नावाने ३१ मार्चची तारीख टाकली, तर दोन वर्षे अडकलेले बिलही एप्रिलमध्ये ताजे दिसते आणि पहिले सहा महिने रिपोर्ट खोटे बोलतो. पार्ट पेमेंट आलेल्या बिलाची फक्त उरलेली रक्कम टाका. तपशिलाची बेरीज ओपनिंगइतकी झाली पाहिजे, उरलेला फरक ‘ऑन अकाउंट’ म्हणून, म्हणजे कोणत्याच बिलाशी न जोडलेला, पडून राहतो.

एजिंग बिलाच्या तारखेपासून धरायचे की ड्यू डेटपासून (देय तारखेपासून)?

दोन्हींची गरज वेगवेगळ्या वेळी लागते. समजा रबाळ्याच्या एका पार्टीला ३० दिवसांची उधारी आहे आणि ३० जूनला रिपोर्ट काढला:

५ एप्रिलचे बिल, १,१८,००० रुपये. बिल तारखेपासून ८६ दिवस, ड्यू डेट ५ मे, म्हणजे ५६ दिवस थकीत.
२० मेचे बिल, ५९,००० रुपये. ४१ दिवसांचे, ड्यू डेट १९ जून, ११ दिवस थकीत.
१२ जूनचे बिल, २,३६,००० रुपये. १८ दिवसांचे, ड्यू डेट १२ जुलै, अजून थकीत नाही.

एकूण येणे ४,१३,०००, पण आज मागण्याचा हक्क आहे तो १,७७,००० चा. वसुलीसाठी ड्यू डेटचा रिपोर्ट काढा. पार्टीला ४,१३,००० थकले म्हणून फोन केला की ती त्यातल्या २,३६,००० वर वाद घालते आणि खरे १,७७,००० बाजूलाच राहतात. बिल तारखेचा रिपोर्ट लागतो जीएसटीच्या १८० दिवसांसाठी (खाली वेगळा प्रश्न आहे) आणि बँकेला द्यायच्या स्टॉक-बुकडेट स्टेटमेंटसाठी (शिल्लक माल आणि येणी यांचा तक्ता). बँका सहसा ९० दिवसांवरची येणी धरत नाहीत, पण तुमची नेमकी मर्यादा आणि ते दिवस कुठून मोजायचे हे सँक्शन लेटरमध्ये बघा.

कप्पे किती दिवसांचे ठेवावेत?

टॅलीमध्ये कप्पे स्वतः भरता येतात. कारखान्याच्या ग्राहकांना ०–३०, ३१–६०, ६१–९०, ९१–१८० आणि १८० च्या वर इतके पुरतात. पुरवठादारांना मात्र ०–१५, १६–४५, ४६–९०, ९१–१८० आणि त्यापुढे असे करा, कारण १५, ४५ आणि १८० या तिन्ही सीमा कायद्यातून आल्या आहेत. एपीएमसीतल्या धान्य किंवा मसाल्याच्या पेढीवर उधारी आठवड्यांची असेल तर ३० दिवसांचा पहिला कप्पा निरुपयोगी ठरतो. तिथे ७, १५, २१, ३० करा. सातआठ कप्पे केले की रिपोर्ट आडव्या कागदावरही मावत नाही आणि कोणी वाचत नाही.

‘न्यू रेफ’, ‘अगेन्स्ट रेफ’, ‘ॲडव्हान्स’, ‘ऑन अकाउंट’ यांतले काय केव्हा?

रिपोर्ट बरोबर यायचा की नाही, हे इथेच ठरते. विक्रीचे किंवा खरेदीचे बिल तयार होताना ‘न्यू रेफ’. पैसे आले किंवा दिले आणि बिल माहीत असेल तर ‘अगेन्स्ट रेफ’, मग समोर येणाऱ्या प्रलंबित बिलांच्या यादीतून निवड. बिलाआधी पैसे आले तर ‘ॲडव्हान्स’, आणि नंतर बिल करताना तोच ॲडव्हान्स त्या बिलातच वळता करायचा. ‘ऑन अकाउंट’ फक्त तेव्हा, जेव्हा पैसे कशाचे हे खरोखर कळलेले नाही.

प्रत्यक्षात संध्याकाळी बँकेचे स्टेटमेंट समोर ठेवून धडाधड एंट्री होतात आणि सगळे ‘ऑन अकाउंट’मध्ये जाते. लेजरचा बॅलन्स बरोबर येतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. वरच्या पार्टीने १,१८,००० भरले आणि ते ऑन अकाउंट टाकले, तर ५ एप्रिलचे बिल ड्यू डेटच्या रिपोर्टमध्ये ३१–६० च्या कप्प्यात पूर्ण थकीत दिसत राहते आणि शेजारी १,१८,००० वजा रक्कम लोंबकळते. वसुलीचा माणूस भरलेल्या बिलासाठी फोन करतो. पार्टी चिडते, आणि पुढच्या वेळी खऱ्या थकबाकीचा फोनही गांभीर्याने घेत नाही.

म्हणून नियम असा ठेवा: ऑन अकाउंट रक्कम सात दिवसांपेक्षा जास्त राहू द्यायची नाही. लेजर आउटस्टँडिंग उघडले की ती वेगळी दिसते. पार्टीला मेसेज करून पेमेंट ॲडव्हाइस मागवा, मूळ रिसीट व्हाउचर उघडा आणि ऑन अकाउंटच्या जागी ‘अगेन्स्ट रेफ’ देऊन बिले निवडा. त्यासाठी नवी जर्नल एंट्री मारू नका, लेजर उगाच लांबते.

पार्टीने बिल नंबर सांगितलाच नाही, तर सर्वांत जुन्या बिलापोटी धरावे का?

बहुतेक वेळा हो, पण १८७२ च्या भारतीय करार कायद्याची कलमे ५९ ते ६१ लक्षात ठेवा. देणाऱ्याने सांगितले असेल, किंवा परिस्थितीवरून स्पष्ट होत असेल, तर त्याच बिलापोटी धरावे लागते. बरोबर ५९,००० आले तर ते २० मेच्या बिलाचे आहेत हे उघड आहे. कदाचित ५ एप्रिलच्या मालाबद्दल तक्रार असेल, आणि ती तुमच्यापर्यंत पोचलीच नसेल. त्याने काहीच सूचित केले नसेल तर कोणत्या कायदेशीर देण्यापोटी धरायचे ते तुम्ही ठरवू शकता. दोघांनीही ठरवले नाही तर जुन्यापासून क्रमाने. सॉफ्टवेअरने आपोआप जुने बिल भागवले की हा तक्रारीचा माग पुसला जातो.

प्रत्येक बिलाला हजार-दोन हजारांची शेपटी उरते. का?

बहुतेक वेळा टीडीएस, म्हणजे पैसे देताना पार्टीने कापून ठेवलेला आयकर. १,००,००० चे जॉबवर्क, १८ टक्के जीएसटी धरून बिल १,१८,०००. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस कामाच्या रकमेवर कापतात. तुमची फर्म किंवा कंपनी असेल तर २ टक्के, म्हणजे २,००० कापून १,१६,००० खात्यात येतात. (प्रोप्रायटर असाल तर १ टक्का.) रिसीट व्हाउचरमध्ये पार्टीला पूर्ण १,१८,००० जमा करा, बिलाचा संदर्भ द्या, आणि नावे बाजूला बँक १,१६,००० व टीडीएस रिसीव्हेबल २,००० लिहा. टीडीएसची जर्नल मार्चमध्ये एकदम मारायची पद्धत असेल तर वर्षभर एजिंगमध्ये ही शेपटे फिरत राहतात. जर्नल करायचीच असेल तर तीही बिलवार करा.

बाकीची शेपटे रेट डिफरन्स, रिजेक्शनची डेबिट नोट, वाराईची (माल चढ-उतार मजुरीची) कपात आणि पैशांची राउंडिंग यांची असतात. राउंडिंग लगेच राइट-ऑफ करा. दराचा किंवा रिजेक्शनचा फरक मान्य असेल तर क्रेडिट नोट काढा आणि तिला मूळ बिलाचाच संदर्भ द्या. जीएसटी कमी करून घ्यायचा असेल तर त्या आर्थिक वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक रिटर्न त्याआधी भरले तर तोपर्यंतच, ती नोट रिटर्नमध्ये दाखवता येते.

चेक परत आला. एंट्री कशी करायची?

आधीची रिसीट डिलीट करू नका, बँक स्टेटमेंटमध्ये जमा आणि नावे दोन्ही ओळी आहेत. उलटी एंट्री करा आणि पार्टीला नावे टाकताना मूळ बिलाचाच नंबर द्या. मग एजिंग उघडून खात्री करा की बिल मूळ तारखेने उभे आहे. नवीन संदर्भ दिला तर चार महिन्यांचे बिल चेक परतल्याच्या दिवशी जन्मते आणि पहिल्या कप्प्यात जाऊन बसते. बँकेचे चार्जेस मात्र वेगळ्या नव्या संदर्भाने.

न वटलेल्या चेकसाठी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली जायचे असेल तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पार्टीला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार. या तारखा लेजरच्या नॅरेशनमध्ये लिहून ठेवा.

घोडबंदर रोडच्या साइटवर काम केले, बिल्डरने ५ टक्के रिटेन्शन (कामात दोष निघाला तर म्हणून राखून ठेवलेली रक्कम) कापून ठेवले. ते थकीत कसे धरायचे?

थकीत नाहीच ते. बिलाची नोंद करतानाच दोन संदर्भ करा: ९५ टक्क्यांचा नेहमीच्या क्रेडिट दिवसांवर आणि ५ टक्क्यांचा बिल नंबरापुढे ‘रिटेन्शन’ जोडून, करारातल्या डिफेक्ट लायबिलिटीच्या (दोष दुरुस्तीच्या जबाबदारीच्या) शेवटच्या तारखेवर. वर्षभराचा काळ असेल तर ३६५ दिवस. असे केले नाही तर प्रत्येक जुन्या बिलाचे ५ टक्के १८० च्या वरच्या कप्प्यात साठत जातात आणि खरी बुडीत रक्कम त्यात लपते.

पुरवठादारांच्या बाजूला १५ आणि ४५ दिवसांचे महत्त्व काय?

एमएसएमईडी कायदा (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा), २००६ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला पैसे लेखी कराराप्रमाणे, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४३बी(एच)ने त्याला कराचा दणका जोडला: मुदत चुकली तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षातच वजावटीला मिळतो. रिटर्न भरण्याआधी पैसे देऊन सुटका होत नाही. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा नोट्स लिहिताना वर्ष बघून कलम लिहा.

सेटिंग असे करा. प्रत्येक पुरवठादाराकडून उद्यम प्रमाणपत्र (अशा उद्योगांच्या सरकारी नोंदणीचे) मागवा आणि त्यावर दोन गोष्टी बघा: वर्ग आणि मुख्य व्यवसाय. सूक्ष्म आणि लघु उत्पादक व सेवा देणारे यात येतात. मध्यम उद्योग येत नाहीत. निव्वळ व्यापाऱ्यांची उद्यम नोंदणी फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती आहे, म्हणून तेही या मुदतीत धरत नाहीत. मग लेजरमध्ये उद्यम नंबर आणि वर्ग भरा. टॅलीप्राइमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत त्यासाठी वेगळी जागा आहे. जुनी आवृत्ती असेल तर सन्ड्री क्रेडिटर्सखाली ‘एमएसएमई – १५ दिवस’ आणि ‘एमएसएमई – ४५ दिवस’ असे दोन ग्रुप करून काम भागते.

दिवस कुठून मोजायचे, इथे बरेच जण चुकतात. मोजणी बिलाच्या तारखेपासून नसून माल स्वीकारल्यापासून आहे. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल मिळाला तोच दिवस स्वीकृतीचा धरतात. गेटवरची इनवर्ड नोंद म्हणूनच जपून ठेवायची. उदाहरणार्थ करार नाही, १० मार्चला माल आला: मुदत २५ मार्च. ३१ मार्चला बाकी असेल तर त्या वर्षी वजावट गेली. तोच माल २५ मार्चला आला असता तर मुदत ९ एप्रिल, आणि ९ पर्यंत पैसे दिले की वजावट जुन्याच वर्षात मिळते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच हा रिपोर्ट मालकांच्या टेबलावर गेला पाहिजे.

कंपनी असेल आणि अशा पुरवठादारांचे ४५ दिवसांवरचे देणे असेल तर एमएसएमई-१ फॉर्मही आहे: एप्रिल–सप्टेंबरचा ३१ ऑक्टोबरपर्यंत, ऑक्टोबर–मार्चचा ३० एप्रिलपर्यंत.

आणि १८० दिवस?

जीएसटीच्या नियम ३७ प्रमाणे पुरवठादाराला बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत करासह पैसे दिले नाहीत, तर घेतलेले इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) न दिलेल्या रकमेच्या प्रमाणात व्याजासह परत करावे लागते. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येते. पेएबल्स बिल तारखेने लावा, १५० दिवसांवरची बिले दर महिन्याला काढा, म्हणजे हातात महिनाभर राहतो. वसुलीलाही हेच हत्यार उपयोगी: १५० दिवस झालेल्या ग्राहकाला ‘तुमचे क्रेडिट जाईल’ असे नम्रपणे लिहिले की त्याचा अकाउंटंट स्वतःहून मालकाच्या मागे लागतो.

खरेदीचे बिल २८ मार्चचे, एंट्री ६ एप्रिलला झाली. एजिंग कुठून सुरू होईल?

तुमच्या सेटिंगवर अवलंबून आहे, म्हणून असे एक बिल टाकून रिपोर्टमध्ये कोणती तारीख येते ते बघा. सप्लायर इन्व्हॉइस नंबर आणि तारीख रिकामी सोडायची नाही, आणि बिलाचा संदर्भ म्हणून आपला व्हाउचर नंबर न देता पुरवठादाराचा नंबर द्यायचा. त्यामुळे एकच बिल दोनदा चढले तरी पटकन पकडता येते.

एजिंगची बेरीज ट्रायल बॅलन्सशी (सगळ्या खात्यांच्या बाक्यांच्या यादीशी) जुळत नाही. कुठे शोधायचे?

या क्रमाने. एक, दोन्ही रिपोर्टांची तारीख एकच आहे का. दोन, बिल-बाय-बिल ‘नो’ राहिलेली लेजरे, कारण ती रिसीव्हेबल्समध्ये येतच नाहीत. घाईत एंट्री करताना बनवलेल्या लेजरांमध्ये हे हमखास सापडते. तीन, चुकीच्या ग्रुपमधली लेजरे. चार, पुरवठादारांना दिलेले ॲडव्हान्स: ते नावे बाकीचे असल्याने रिसीव्हेबल्समध्ये शिरू शकतात, म्हणून ताळमेळ ‘ग्रुप’च्या रिपोर्टशीच लावा. पाच, ऑन अकाउंट रकमा.

बेरीज जुळली तरी एकाच पार्टीची दोन लेजरे असू शकतात, एक ‘प्रा. लि.’ लिहून आणि एक न लिहिता. एकात थकबाकी, दुसऱ्यात तेवढाच ॲडव्हान्स. जीएसटी नंबरवार यादी काढली की हे जोड सापडतात.

ऑडिटर वेगळेच कप्पे मागतात.

कंपन्यांना कंपनी कायद्याच्या शेड्यूल ३ प्रमाणे द्यावे लागते, १ एप्रिल २०२१ पासून. येणी: ६ महिन्यांपेक्षा कमी, ६ महिने ते १ वर्ष, १–२ वर्षे, २–३ वर्षे, ३ वर्षांवर. देणी: १ वर्षापेक्षा कमी, १–२, २–३, ३ वर्षांवर. मोजणी ड्यू डेटपासून. वादातली आणि बिनवादाची रक्कम वेगळी, देण्यांत एमएसएमई आणि इतर वेगळे. वाद कोणत्या बिलावर आहे हे मार्चमध्ये आठवत नाही, वाद निघाला त्या दिवशीच नोंद करा.

झोहो बुक्समध्ये कुठे?

रिपोर्ट्समध्ये रिसीव्हेबल्सखाली एआर एजिंग समरी आणि डिटेल्स, देण्यांसाठी पेएबल्सखाली एपी एजिंग. कस्टमाइझमध्ये बिल तारीख की ड्यू डेट, कप्प्यांची संख्या आणि दिवस निवडता येतात. मूळ कप्पे १५-१५ दिवसांचे असतात. पार्टीच्या मास्टरमध्ये पेमेंट टर्म्स भरा आणि आलेले पैसे बिलाला लावा. न लावलेले पैसे तिथे जादा रक्कम म्हणून पडून राहतात, म्हणजे टॅलीतल्या ऑन अकाउंटचाच प्रकार.

तीन वर्षांवरची येणी रिपोर्टमध्ये ठेवायची का?

तीन वर्षे व्हायच्या आधी काय केले ते महत्त्वाचे. मुदतीच्या कायद्याप्रमाणे पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षे मिळतात. त्या काळात पार्टीने सही करून बाकी मान्य केली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने सुरू होते. म्हणून दोन वर्षे ओलांडलेल्या प्रत्येक पार्टीकडून सही-शिक्क्याचे बॅलन्स कन्फर्मेशन घ्या. टॅलीतून कन्फर्मेशनचे पत्र थेट छापता येते. मुदत गेलेली आणि वसुलीची आशा नसलेली रक्कम सीएशी बोलून बुडीत खात्यात टाका. ती यादीत ठेवली की शेवटचा कप्पा कायम फुगलेला राहतो आणि त्याकडे बघायची सवयच सुटते.

हाउसिंग सोसायटीच्या मेंटेनन्सला हेच चालेल?

चालेल, सभासद म्हणजे लेजर आणि तिमाही बिल म्हणजे संदर्भ. फक्त मुद्दल आणि व्याज यांचे संदर्भ वेगळे ठेवा. आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर सरळ व्याज लागते. दोन्ही एका आकड्यात मिसळले की पुढच्या बिलात व्याजावर व्याज लागते, आणि सर्वसाधारण सभेत पहिला प्रश्न त्याच्यावरच येतो.

रिपोर्ट कोणी आणि केव्हा बघायचा?

सोमवारी सकाळी, शनिवारपर्यंतच्या सगळ्या बँक एंट्री झाल्यावर. एक्सेलमध्ये काढून शेवटी दोन रकाने जोडा: ‘कोण काय म्हणाले’ आणि ‘कबूल केलेली तारीख’. पुढच्या सोमवारी आधी कबूल तारीख उलटलेल्या पार्ट्या बघायच्या, मग मोठ्या रकमा. फोन करणारा आणि रिसीट एंट्री करणारा एकच माणूस असेल तर महिन्यातून एकदा मालकांनी स्वतः चार-पाच पार्ट्यांना थेट स्टेटमेंट पाठवून बाकी विचारावी. रोख पैसे मधल्यामध्ये जिरले असतील तर ते याच वेळी कळते.